रोज बायबल वाचायचं म्हणजे नेमकं काय? अध्यायांचा हिशोब, वचनाचा संदर्भ आणि नाशिकचं एक घर

द्वारका, नाशिक : मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे भेटतात, तो द्वारका चौक नाशिककरांना वाहतूक कोंडीमुळे चांगलाच ठाऊक आहे. इथून पुणे रस्त्याने गेलं की नाशिकरोडचं बाळ येशू मंदिर लागतं. शहराच्या दुसऱ्या बाजूला शरणपूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांनाही आसरा मिळाला होता.

ख्रिस्ती घरांतली एक जुनी सवय म्हणजे रोज बायबलचा थोडा भाग वाचणं. पूर्वी त्यासाठी जाडजूड पुस्तक उघडावं लागे. आता अनेकांच्या मोबाइलवर सकाळीच 'आजचं वचन' येतं. 'यूव्हर्जन'चं बायबल ॲप २००८ मध्ये आलं आणि ते मराठीतही वाचता येतं. वचन वाचलं, पुढे पाठवलं, की झालं? की खरं काम त्यानंतर सुरू होतं? समजून घेऊया.

एका वर्षात बायबल पूर्ण होतं का?

होतं. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. त्यांपैकी ९२९ अध्याय जुन्या करारात आणि २६० नव्या करारात आहेत. कॅथलिक बायबलमध्ये पुस्तकांची संख्या ७३ आहे.

१,१८९ ला ३६५ ने भागलं तर रोजचे तीन ते चार अध्याय येतात. फक्त नवा करार घेतला तर हिशोब आणखी सोपा होतो. आठवड्यातले पाच दिवस एकेक अध्याय वाचला, की ५२ आठवड्यांत २६० अध्याय पूर्ण. 'नीतिसूत्रे' या पुस्तकात ३१ अध्याय आहेत. त्यामुळे महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचणारेही आहेत. 'स्तोत्रसंहिते'तली १५० स्तोत्रं रोज पाच या गतीने ३० दिवसांत संपतात.

असे तक्ते मोबाइलच्या आधीपासूनचे आहेत. जर्मनीतल्या हर्नहुट गावचा मोरेव्हियन समाज १७३१ पासून दरवर्षी रोजच्या वचनांची पुस्तिका छापतो. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनी १८४२ मध्ये रोज चार अध्यायांचं वेळापत्रक तयार केलं. ते आजही वापरलं जातं. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, तर इतर दिवसांचं दोन वर्षांचं असतं.

एकच वचन वाचण्यात अडचण काय?

मूळ लिखाणात अध्याय आणि वचनांचे आकडे नव्हतेच. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे. नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक १५५१ मध्ये पॅरिसचे मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी दिले. आकडे शोधण्यासाठी सोयीचे, पण त्यांच्यामुळे एखादी ओळ पत्रातून किंवा गोष्टीतून सुटी काढणं फार सोपं झालं.

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन हे याचं ठळक उदाहरण. देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत, असा त्याचा आशय. परीक्षा, नोकरीची मुलाखत, नवा धंदा अशा प्रत्येक वेळी ते पाठवलं जातं. पण हा अध्याय म्हणजे बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. आधीच्याच वचनात ७० वर्षं थांबावं लागेल, असं सांगितलं आहे. म्हणजे ते पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. त्यांना सांगितलेलं काम वेगळंच होतं : तिथेच घरं बांधा, बागा लावा, ज्या परक्या शहरात आहात त्याचं भलं चिंता.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या १३ व्या वचनाचंही तसंच. 'मला सर्व काही शक्य आहे' अशा अर्थाने ते यशाचा मंत्र म्हणून वापरलं जातं. पण पत्र लिहिणारा पौल तेव्हा कैदेत आहे आणि विषय चालला आहे तो भूक असो वा भरलेलं ताट, दोन्हींत समाधानी राहण्याचा.

म्हणूनच आजचं वचन वाचलं की त्याच्या आधीची आणि नंतरची दहा वचनं वाचावीत. कोण लिहितंय, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी, हे तीन प्रश्न विचारले तरी बराच गैरसमज टळतो.

वाचनाने आयुष्य बदलल्याचं नाशिकचं उदाहरण कोणतं?

कवी नारायण वामन टिळक लहान वयात शिक्षणासाठी नाशिकला आले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाशी टिळकांच्या गप्पा झाल्या. त्याने त्यांना नवा करार भेट दिला आणि टिळकांनी तो वाचण्याचं कबूल केलं. सुरुवातीला पुस्तक त्यांना रुचलं नाही, पण शब्द दिला होता म्हणून ते वाचत राहिले. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 'डोंगरावरील प्रवचना'शी मात्र ते थांबले. पाचवा ते सातवा अध्याय, एकूण १११ वचनं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याची किंमत घराने मोजली. पती-पत्नीची काही वर्षं ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचं माहेर अत्यंत सोवळ्याचं, वडील मीठसुद्धा धुऊन घेणारे. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळंच राहिलं. राहुरीला असताना त्यांच्या मनात विचार आला, की जाती देवाने केल्या की माणसांनी? त्याचं उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचं खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारं सांगितलं आहे.

या घरातला बदल अध्यायांच्या संख्येवर मोजता येत नाही. नवऱ्याला तीन अध्यायांनी थांबवलं. बायकोचा बदल दिसला तो पाण्याच्या भांड्यापाशी.

भाषेचा प्रश्न का महत्त्वाचा?

कारण जे कळत नाही ते जगता येत नाही. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, तोही मोडी लिपीत. पुढे संपूर्ण बायबल मराठीत आलं. तरी साध्या बायकांना समजेल असं भाषांतर हवं, या ध्यासाने पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, त्याआधी हे काम पूर्ण झालं होतं. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आलं. ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

मोबाइलवर आज एकाहून अधिक मराठी भाषांतरं मिळतात. एक वचन दोन भाषांतरांत वाचलं तर अवघड शब्द बरेचदा आपोआप उलगडतो.

रोजच्या व्यवहारात ते उतरवायचं कसं?

बायबलमधल्या कितीतरी सूचना अगदी व्यवहाराच्या आहेत. लेवीयच्या १९ व्या अध्यायात सांगितलं आहे, की मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. त्याच अध्यायात वजन-माप खरं ठेवायला सांगितलं आहे. हे वाचणाऱ्यासाठी त्या दिवसाचा प्रश्न सरळ आहे : घरी काम करून गेलेल्या गवंड्याचे, मोलकरणीचे पैसे 'उद्या बघू' म्हणून राहिलेत का?

मत्तयच्या पाचव्या अध्यायातही असंच आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन उभं असताना भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा आहे. आजच्या भाषेत, स्टेटसला वचन ठेवण्याआधी तो राहिलेला फोन करायचा.

त्यासाठी चार पायऱ्या पुरतात. छोटा भाग सावकाश वाचा. त्याचा संदर्भ पाहा. त्यातून आज करता येईल अशी एकच गोष्ट ठरवा. रात्री ती झाली का, ते स्वतःला विचारा. मध्ये दिवस चुकला तर साचलेले अध्याय भरून काढत बसू नका. त्या ओझ्यापायीच सवय मोडते.

याकोबाच्या पत्रात यासाठी आरशाचा दाखला दिला आहे. नुसतं ऐकून सोडणारा माणूस आरशात तोंड पाहून निघून जातो आणि आपण कसे दिसतो हे लगेच विसरतो. ॲप सलग किती दिवस वाचलं ते मोजू शकतं. मजुराला त्याचे पैसे संध्याकाळी मिळाले का, हे त्या मजुरालाच ठाऊक असतं.