जळगावचे कर्ज आणि जकात

नगरपालिकेने शहराच्या भरभराटीसाठी कर्ज काढावे, यात वावगे काही नाही. प्रश्न असतो तो परतफेडीच्या आधाराचा. जळगाव नगरपालिकेने १९८९ ते २००१ या काळात 'हुडको'कडून सुमारे १४१ कोटी रुपये उचलले. घरकुले, पाणीपुरवठा, व्यापारी संकुले अशा योजनांचा धडाका होता. सतरा मजली प्रशासकीय इमारतही त्याच पर्वातील. डाळ, सोने व केळी यांच्या या पेठेत जकात हे पालिकेचे हुकमी उत्पन्न. १९९९ मध्ये राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली. व्याज मात्र रद्द झाले नाही! उरले संकुलांतील गाळ्यांचे भाडे. पण २०१२ मध्ये बहुतेक गाळ्यांचे करार संपले आणि भाड्याच्या दराचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. २०१४ मध्ये तर वसुलीसाठी महापालिकेची बँक खातीच गोठविण्यात आली.

घरकुल प्रकरणी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये ४८ जणांना दोषी ठरविले. तो निवाडा सचोटीविषयीचा. परंतु प्रत्येक रुपया प्रामाणिकपणे खर्च झाला असता, तरी जकातीवाचून हप्ते कोठून भरले असते? महापालिका झालेल्या धुळ्यातील करदात्यांनीही नव्या योजनेचा नकाशा पाहण्याआधी हे विचारावयास हवे.