पदवी म्हणजे काय आणि ती कोण देते?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेच्या कचेरीबाहेरील बाकावर पालकांची गर्दी होते. कोणी गिरणीतून पाळी संपवून परभारे आलेला असतो, कोणी माउली कडेवर धाकटे मूल घेऊन आलेली असते. त्यांतील कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा हा पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी असते. प्रश्न मात्र ठरलेले असतात. कॉलेज आणि विद्यापीठ यांत फरक काय? डिप्लोमा मोठा की डिग्री मोठी? तीन वर्षे शिकावे की चार? आम्ही आपल्या परीने उत्तरे देतो. परंतु बाकावर बसून पाच मिनिटांत सांगण्याजोगा हा विषय नव्हे. म्हणून यंदाच्या वार्षिकात तो थोडा विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

याला एक कारणही घडले. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. मुलगा कष्टाळू, वडील कारखान्यात फिटर. त्याने तीन वर्षे फी भरून एका संस्थेत अभ्यास केला होता आणि सोनेरी अक्षरांचे, गोल शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळविले होते. सरकारी नोकरीसाठी त्याची निवडही झाली. पण कागदपत्रांच्या तपासणीत कळले की, त्या संस्थेस पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. तीन वर्षे गेली, बापाची शिल्लक गेली आणि मुलगा कागदोपत्री बारावी पासच राहिला. दोष त्याचा नव्हता. पदवी कोण देऊ शकतो, हे त्याला कोणी समजावूनच सांगितले नव्हते. आणि न सांगणाऱ्यांत आम्हीही आलोच.

तेव्हा आरंभ तेथूनच करू. पदवी हे कोणत्याही शाळेने खुशीने द्यावयाचे प्रशस्तिपत्र नव्हे. आपल्या देशात १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या बाविसाव्या कलमाने पदवी देण्याचा अधिकार तिघांपुरताच ठेवला. पहिली, संसदेच्या किंवा राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे. दुसऱ्या, केंद्र सरकारने ज्यांना विद्यापीठासमान मानले आहे अशा संस्था. त्यांना अभिमत विद्यापीठे म्हणतात. तिसऱ्या, संसदेने कायदा करून ज्यांना हा अधिकार खास दिला आहे अशा संस्था. १९५१ साली खरगपूर येथे पहिली भारतीय तंत्रविज्ञान संस्था निघाली. तिच्या मालिकेतील संस्था या तिसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्या नावात विद्यापीठ हा शब्द नाही, तरी त्यांची पदवी पूर्ण पदवी होय. उलट, नावात विद्यापीठ हा शब्द घातल्याने कोणी विद्यापीठ होत नाही. पाटीपेक्षा पाटीमागचा कायदा पाहावयाचा, हे यातील मर्म आहे.

आता कॉलेज आणि विद्यापीठ यांचे नाते. ते समजण्यास थोडे मागे जावे लागेल. १८५४ साली चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता इंग्लंडहून आला आणि त्यास अनुसरून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाचा नमुना त्यांच्यापुढे होता. त्या नमुन्याप्रमाणे विद्यापीठ शिकवीत नसे. ते अभ्यासक्रम नेमी, परीक्षा घेई व पदवी देई. शिकविण्याचे काम गावोगावची कॉलेजे करीत. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. आपल्या बडोद्याचे कॉलेज १८८१ साली निघाले, तेही मुंबई विद्यापीठाशीच जोडलेले होते. म्हणजे शिक्षण येथे, परीक्षेचा अधिकार मुंबईस, अशी व्यवस्था होती. यालाच संलग्नता म्हणतात.

ही पद्धत देशात अजूनही सर्वांत जास्त रूढ आहे. फरक इतकाच की, विद्यापीठे पुढे गावांजवळ आली. पूर्वी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली बेळगावची कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली आणि २०१० साली खुद्द बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. इंदूर व ग्वाल्हेर यांना १९६४ साली आपापली विद्यापीठे मिळाली. गोवा मुक्त झाल्यावर तेथील कॉलेजे मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली होती. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले.

दुसरी पद्धत आपण रोज येता-जाता पाहतो. कॉलेजच्या त्या भव्य घुमटाखाली १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले, ते मुळातच अध्यापन करणारे विद्यापीठ म्हणून. येथे गावोगावची कॉलेजे जोडून घेण्याऐवजी कला, विज्ञान, वाणिज्य, ललितकला, तंत्रविद्या अशा विद्याशाखा विद्यापीठाच्या स्वतःच्याच आहेत. शिकविणारा आणि परीक्षा घेणारा एकच. म्हणून बडोद्याचा मुलगा ‘मी अमुक फॅकल्टीत आहे’ असे सांगतो आणि इंदूरचा त्याचा मावसभाऊ ‘मी अमुक कॉलेजात आहे’ असे सांगतो. दोघांचेही बरोबरच आहे.

तिसरा एक प्रकार या दोहोंच्या मधला आहे. तो म्हणजे स्वायत्त कॉलेज. असे कॉलेज आपला अभ्यासक्रम आखते व आपली परीक्षा घेते, परंतु पदवीवर शिक्का विद्यापीठाचाच असतो. यावरून ध्यानात येईल की, स्वायत्त म्हणजे स्वतंत्र विद्यापीठ नव्हे.

आता पदव्यांच्या जिन्याकडे वळू. आमच्या आजोबांच्या पिढीत मॅट्रिक झाल्यावर बी. ए. होण्यास चार वर्षे लागत. त्यांतील दोन इंटरपर्यंतची. पुढे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीस अनुसरून दहा, दोन आणि तीन अशी रचना आली. दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या जिन्यास आणखी एक पायरी जोडली. या रचनेत पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी आणि चौथे वर्ष पुरे करणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळू शकते. अभ्यासाचे माप श्रेयांकांनी करतात. साधारणतः एका सत्रात पंधरा तासांची व्याख्याने झाली म्हणजे एक श्रेयांक होतो, आणि वर्षाचे चाळीस धरून तीन वर्षांचे एकशे वीस होतात. मिळविलेले श्रेयांक जमा राहतात. अडचणीमुळे शिक्षण सुटले तरी ठरलेल्या मुदतीत परतून पुढे जोडता यावेत, ही त्यातील कल्पना आहे. मात्र या योजनेचा अंमल सर्व राज्यांत सारखा नाही. म्हणून आपल्या विद्यापीठाचा नियम पाहूनच निर्णय करावा.

पदवीनंतर पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम. ए., एम. एस्‌सी., एम. कॉम. इत्यादी. तीन वर्षांच्या पदवीनंतर ती दोन वर्षांची आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची असू शकते. त्याच्या वरची पायरी पीएच. डी. ची. तेथे नेमलेली पुस्तके वाचून परीक्षा द्यावयाची नसते. ज्ञानात स्वतःची काही भर घालावयाची असते. तिला किमान तीन वर्षे लागतात. मधली एम. फिल. ही पदवी आता बंद झाली आहे.

धंदेशिक्षणाचा जिना निराळा आहे. इंजिनियरिंगची पदवी चार वर्षांची. वैद्यकाची एम. बी. बी. एस. ही साडेचार वर्षांची आणि शिवाय एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारीचे. वकिलीचा अभ्यासक्रम पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर सलग पाच वर्षांचा. या ठिकाणी विद्यापीठाच्या पदवीबरोबर आणखी एका मान्यतेची गरज असते. पूल चुकीचा बांधला किंवा औषध चुकीचे दिले तर इतरांच्या जिवावर बेतते. म्हणून त्या त्या धंद्यावर देखरेख करणारी स्वतंत्र मंडळे आहेत. वकिलीस बार कौन्सिल, वैद्यकास राष्ट्रीय वैद्यक आयोग. त्यांची मान्यता नसलेल्या जागी शिकून सनद मिळत नाही.

डिप्लोमा मोठा की डिग्री, या प्रश्नाचे उत्तरही येथेच द्यावे. दहावीनंतर तीन वर्षांचा तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा हा हलका नव्हे. त्याने हाताला लवकर काम मिळते आणि पुढे इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याचा मार्गही असतो. ज्या घरी मिळकतीची निकड आहे, तेथे हा मार्ग शहाणपणाचा ठरतो. तसेच ज्यांना दिवसा नोकरी करणे भाग आहे, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठे आहेत. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेस निघाले. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालचे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. ज्या मुलाची हकीकत वर सांगितली, त्याने शेवटी अशाच एका मुक्त विद्यापीठात नाव घातले आणि खरी पदवी मिळविली. गेलेली वर्षे मात्र परत आली नाहीत.

आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती नेहमी असते. ‘आम्ही मराठीतून शिकलो, पुढे इंग्रजीतून कसे निभावणार?’ ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही; पहिले वर्ष जड जातेच. परंतु उच्च शिक्षण आणि मातृभाषा यांचे वैर नाही, हेही तितकेच खरे. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे त्यांनी ठरविले आणि पदवीस गृहीतागमा असे सुंदर नाव दिले. हैदराबादेस १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक व इंजिनियरिंगसुद्धा उर्दूतून शिकवीत असत. ज्याला विषय समजला, तो भाषा मागाहून आत्मसात करतो; केवळ भाषा आली म्हणून विषय समजत नाही.

आणि जिना चढताना मध्ये थांबावे लागले तर? आपल्याच गावाशी संबंध असलेले उदाहरण सांगतो. मुंबईस बी. ए. झालेले भीमराव आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम. ए. झाले. पुढे लंडनला अभ्यास चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली त्यांना परतावे लागले. मुंबईस प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्‌सी. आणि १९२३ साली डी. एस्‌सी. झाले. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना १९२७ साली मिळाली. एकेक पायरी, आणि दोन पायऱ्यांमध्ये केवढे अंतर!

तात्पर्य, फीचा पहिला रुपया भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. पदवीच्या कागदावर नाव कोणत्या विद्यापीठाचे असणार? ते विद्यापीठ कोणत्या कायद्याने पदवी देते? आणि अभ्यासक्रम धंद्याचा असेल, तर त्या धंद्याच्या मंडळाची मान्यता आहे काय? उत्तर तोंडी न घेता लेखी मागावे, आणि ते विद्यापीठाच्या व मंडळाच्या यादीशी ताडून पाहावे. विचारण्यात संकोच वाटला, तर आमच्या कचेरीबाहेरील बाक आहेच. निकालाच्या दिवसापर्यंत न थांबता, कोणत्याही दिवशी मधल्या सुट्टीत यावे.