गळाची काठी : साहित्याची निवड

गळाने मासे धरण्याची काठी स्वहस्ते बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम साहित्याची पारख करावयास शिकले पाहिजे. यात सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे मूळ दांडा. पूर्वी तो बांबूचा असे. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूचे दांडे प्रचारात आले. कार्बनतंतू हलका व ताठ असतो. परंतु आघाताने तडकतो. काचतंतू काहीसा जड, पण चिवट व तुलनेने स्वस्त असतो. त्यामुळे नवशिक्याने त्यापासूनच प्रारंभ करणे श्रेयस्कर होय.

दोरी ओवण्यासाठी दर फुटामागे साधारणतः एक आणि टोकाची एक, या हिशेबाने कड्या घ्याव्यात. म्हणजे ७ फुटी काठीस ८ कड्या लागतात. कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा; तंतू अडकल्यास तेथे तडा आहे असे समजावे. अशी कडी दोरी कापते. कड्या नायलॉनच्या धाग्याने घट्ट गुंडाळून त्यावर दोन घटकांचे इपॉक्सी लावतात. हे घटक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत, अन्यथा लेप चिकट राहतो. मुठीसाठी बुचाचे लाकूड उत्तम.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. कार्बनतंतू विजेचा वाहक आहे. वीजतारांखाली अशी काठी उभारणे प्राणघातक ठरू शकते. ज्या तलावांवरून वीजतारा जातात, तेथे ग्रामपंचायतींनी तसे सूचनाफलक लावणे हिताचे ठरेल.