कमी पैशात एनक्लेक्स : मशीन पास-नापास कसं ठरवतं आणि खर्च कुठे करायचा

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना आकडे लिहून घेता येत नाहीत असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, म्हणून इथे आकडे नीट मांडलेत. बाकी भाषा बोलतो तशीच ठेवलीय.

विषय आहे नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा. मी सॉफ्टवेअरवाला, नर्सिंग शिकलेलो नाही. पण माझी चुलत बहीण जीएनएम आहे, आमच्या रिठदची, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातली. घर सोयाबीन आणि तुरीवर चालतं. पैसे हातात येतात ते पीक विकल्यावर, आणि परीक्षेची फी मात्र डॉलरमध्ये. तिच्या तयारीत माझ्याकडे दोन कामं आली : खर्चाचा हिशोब लावणं, आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर आतून काय करतं ते समजावून सांगणं. दुसरं काम झालं तेव्हा पहिलं बरंच सोपं झालं. आजच्या भागात तेच सांगतो.

आधी देश ठरवा, मग परीक्षा

महाराष्ट्रात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग पास झालात की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. त्या नोंदणीसाठी आज वेगळी लायसन्स परीक्षा नाही. ती लागते बाहेर जायचं असेल तर, आणि प्रत्येक देशाची वेगळी.

आखाती देशांसाठी आधी कागदपत्रांची पडताळणी (तिला सगळे ‘डेटाफ्लो’ म्हणतात) आणि मग कॉम्प्युटरवरची परीक्षा. सौदी, दुबई, अबूधाबी, कतार यांची मंडळं वेगवेगळी. इंग्लंडसाठी आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा, जी भारतात देता येते, आणि नंतर तिकडे जाऊन प्रात्यक्षिक. अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन. कॅनडानेही २०१५ पासून एनक्लेक्स स्वीकारली. ऑस्ट्रेलियात ज्यांचं शिक्षण तिथल्या बरोबरीचं धरलं जात नाही, त्यांना २०२० पासून एनक्लेक्स आणि नंतर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

आता जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट. एनक्लेक्स पास होणं आणि अमेरिकेला पोचणं या दोन वेगळ्या रांगा आहेत. नर्स ज्या ईबी-३ गटातून ग्रीन कार्डसाठी जातात, त्या गटात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून जास्त मागे चाललेली आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं, त्यात ही तारीख फुकट वाचता येते. कोणी ‘सहा महिन्यांत अमेरिका’ म्हणाला तर त्याच्यासमोर ते पान उघडा आणि भारताच्या रकान्यावर बोट ठेवा. एनक्लेक्स देऊच नका असं मी म्हणत नाही. बहिणीने ती निवडली, कारण एकाच परीक्षेवर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही उघडे राहतात. पण पैसे भरायच्या आधी हे माहीत असायला पाहिजे.

मशीन कसं ठरवतं

आपल्याला सवय आहे ती शंभरपैकी चाळीस आले की पास, अशी. एनक्लेक्समध्ये बरोबर उत्तरांची बेरीज करून निकाल लागत नाही.

किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. एका पारड्यात गूळ. दुकानदार दुसऱ्या पारड्यात एक किलोचं वजन टाकतो. गूळ जड निघाला तर अजून अर्धा किलो. आता हलका झाला तर अर्धा किलो काढून पाव. चार-पाच वेळा वजनं बदलली की गूळ किती ते कळतं. एनक्लेक्सचं सॉफ्टवेअर असंच तोलतं. प्रश्न म्हणजे वजन. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की थोडा सोपा. प्रत्येक उत्तरानंतर ते तुमच्या क्षमतेचा नवा अंदाज काढतं.

किमान ८५ प्रश्न, कमाल १५०, वेळ ५ तास. त्यातले १५ प्रश्न मोजलेच जात नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासले जात असतात. कोणते ते तुम्हाला कळत नाही. ८५ झाल्यावर सॉफ्टवेअर स्वतःला विचारतं : ही व्यक्ती पासच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली का? झाली तर परीक्षा तिथेच बंद. नाही झाली तर पुढचा प्रश्न.

यातून चार गोष्टी निघतात.

एक, परीक्षा ८५ वर बंद पडली म्हणून ना पास, ना नापास. कुठल्यातरी एका बाजूने खात्री झाली, एवढंच.

दोन, चांगला तयार उमेदवारसुद्धा बरेच प्रश्न चुकतो. कारण मशीन मुद्दाम तुमच्या क्षमतेच्या काठावरचेच प्रश्न शोधतं. सराव करताना बहीण मला म्हणाली होती, “दादा, अर्धे त चुकूनच राह्यले, हे मशीन मले फेल करते काय?” नाही. ते फक्त तोलतंय.

तीन, मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. ‘नंतर बघू’ हा प्रकारच नाही.

चार, घाईत शेवटी ठोकताळे मारू नका. सोपे प्रश्न चुकत गेले की अंदाज घसरत जातो. ३०० मिनिटं आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळतातच. ८५ पूर्ण व्हायच्या आत वेळ संपली तर मात्र नापास.

२०२३ नंतर काय बदललं

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं नवं रूप आलं. आता प्रत्येकाला तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. पेशंटची नोंद, नर्सचे शेरे, लॅबचे रिपोर्ट समोर असतात आणि तुम्हाला ठरवायचं असतं : यातलं महत्त्वाचं काय, त्याचा अर्थ काय, आधी काय करायचं, केल्यावर फरक पडला का.

शिवाय अंशतः बरोबर उत्तरालाही गुण आहेत. ‘लागू होतील ते सगळे निवडा’ या प्रकारात बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो, चुकीचा निवडला तर एक कापला जातो. एकूण शून्याखाली जात नाही. म्हणून सगळ्या चौकोनांवर टिचक्या मारून चालत नाही. खात्री आहे तेवढेच निवडा.

खर्चाशी याचा थेट संबंध आहे. जुन्या पुस्तकांच्या आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफच्या मागे लागू नका. २०२३ च्या आधीच्या बहुतेक प्रश्नसंचात या केस स्टडी आणि ही गुणपद्धत नाही. आणि ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ म्हणून जे विकलं जातं ते तर अजिबात घेऊ नका. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणं आणि घेणं नियमाविरुद्ध आहे, त्यापायी निकाल रद्द होऊ शकतो.

फुकटात काय मिळतं

परीक्षा घेणारी संस्था एनसीएसबीएन. तिच्या साइटवर ‘टेस्ट प्लॅन’ची पीडीएफ फुकट आहे. कुठल्या विषयाला किती वजन ते त्यात लिहिलेलं असतं. २०२३ च्या प्लॅनमध्ये कामाचं नियोजन आणि समन्वय हा भाग १५ ते २१ टक्के, औषधं १३ ते १९ टक्के, संसर्ग प्रतिबंध आणि सुरक्षितता १० ते १६ टक्के. हा प्लॅन दर तीन वर्षांनी बदलतो, म्हणून तुमच्या तारखेला लागू असलेलाच उतरवा. नव्या प्रकारच्या प्रश्नांचे नमुनेही तिथेच फुकट आहेत.

पुस्तकांसाठी दोन नावं लिहून घ्या. ओपनस्टॅक्सने २०२४ मध्ये नर्सिंगची पाठ्यपुस्तकं फुकट काढली : औषधशास्त्र, मेडिकल-सर्जिकल, माता आणि नवजात, मानसिक आरोग्य वगैरे. दुसरं ‘ओपन आरएन’, विस्कॉन्सिनमधल्या एका तंत्र महाविद्यालयाने तयार केलेली मालिका. दोन्ही फोनवर वाचता येतात. गावात रेंज येते-जाते, म्हणून चांगलं नेट मिळेल तिथे पीडीएफ एकदाच उतरवून ठेवा.

पाठांतरासाठी अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे. विसरायच्या बेतात आलेलं कार्ड ते बरोबर समोर आणतं. कार्डं स्वतः बनवा, तोच अर्धा अभ्यास.

पैसे टाकायचेच असतील तर नव्या पद्धतीची एक क्वेश्चन बँक घ्या, आणि तीही शेवटच्या एक-दोन महिन्यांसाठीच. वर्षभराचं पॅकेज बहुतेकदा पडूनच राहतं. दहा हजार प्रश्न धावत सोडवण्यापेक्षा रोज चाळीस सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे एक ओळ लिहा : माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की आधी काय करायचं ते चुकलं? दोन आठवड्यांत आपली गळती कुठे आहे ते वहीत दिसतं.

आपल्या वॉर्डात न शिकलेलं

पहिलं, औषधांची नावं. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, ॲड्रिनॅलिनला एपिनेफ्रिन, सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, लिग्नोकेनला लिडोकेन, पेथिडिनला मेपेरिडिन. औषध तेच, पण नाव न ओळखल्यामुळे प्रश्न हातचा जातो.

दुसरं, काम वाटून देणं. तिथे रजिस्टर्ड नर्सच्या हाताखाली प्रॅक्टिकल नर्स आणि मदतनीस असतात, आणि कोणतं काम कोणाला द्यायचं यावर प्रश्न येतात. सूत्र असं : पेशंटची तपासणी करून निष्कर्ष काढणं, शिकवणं, परिणाम बघणं हे रजिस्टर्ड नर्सने स्वतः करायचं. स्थिर पेशंटची आंघोळ, चालवणं, नेहमीची नाडी-बीपीची नोंद मदतनीसाला देता येते.

तिसरं, आधी कोणाकडे जायचं. समजा चार पेशंट आहेत. एकाची साखर १८०. एकाला ऑपरेशननंतर दुखतंय, दहापैकी सहा. एकाला ३८ ताप. एकीच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि तिला अचानक दम लागलाय. आधी चौथी, कारण तिथे फुप्फुसात गुठळी गेल्याची शंका आहे. अचानक आलेलं, नवं आणि श्वासाशी संबंधित असेल ते आधी.

चौथं, गणित. १००० मिली सलाइन ८ तासांत द्यायचंय, सेट १५ थेंबांचा. १००० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ३१.२५, मिनिटाला ३१ थेंब. वजन पौंडात दिलं तर २.२ ने भागा : ४४ पौंडांचं मूल २० किलोचं. हे सोडवायला क्लास लागत नाही, वही लागते.

पैसे कुठे जातात आणि कुठे अडकतात

एनक्लेक्सची फी २०० डॉलर, भारतात परीक्षा द्यायची तर आणखी १५० डॉलर आणि वर कर. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर कर सोडून तीस-एकतीस हजार. शिक्षणाची पडताळणी आणि राज्य मंडळाची फी मिळून काहीशे डॉलर. आयईएलटीएस सतरा-अठरा हजारांच्या आसपास. कार्डवर परदेशी चलनाचं शुल्क वेगळं, तेही आधी बँकेला विचारा. सगळं मिळून लाखाच्या घरात जातं, म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी नाव. पोरींनो, हे नीट वाचा. लग्नाआधी वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, कौन्सिलच्या नोंदणीवर दुसरं, आधारवर तिसरं. भारतातल्या केंद्रावर ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो, आणि त्यावरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळलं नाही तर परीक्षेला बसता येत नाही, फीही जाते. म्हणून एक नाव पक्कं करा, मग पासपोर्ट, मग बाकी अर्ज.

दुसरं, कागद. शिक्षणाची पडताळणी महिनोन्‌महिने चालते. ती आधी सुरू करा, अभ्यास तोवर घरी चालू ठेवा.

तिसरं, इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो. गरज कधी लागणार ते बघूनच द्या, नाहीतर रांगेत उभं असतानाच मुदत संपेल.

चौथं, परीक्षेची परवानगी. ती आली की सहसा ९० दिवसांत परीक्षा द्यावी लागते, नाही दिली तर फी बुडते. म्हणून तयारी होत आल्याशिवाय शेवटची पायरी चढू नका. नापास झालात तर ४५ दिवसांनी परत देता येते, पण फी पुन्हा पूर्ण. एक महिना जास्त अभ्यास हा दुसऱ्या प्रयत्नापेक्षा नेहमीच स्वस्त.

केंद्रं मुंबई, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत आहेत. वाशिम स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर असल्यामुळे आमच्याकडून नांदेडमार्गे हैदराबाद बरं पडतं. एक दिवस आधी पोचा.

आणि एजंट. परदेशी नोकरी लावणाऱ्या नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. बहिणीला एका माणसाने ‘पास करून देण्याची गॅरंटी’ दिली होती, किंमत एका हंगामाच्या सोयाबीनएवढी. एवढा वेळ मशीन कसं चालतं ते सांगितलंय, त्यावरून तुम्हीच ठरवा : अशी गॅरंटी कोणी देऊ शकतं का?

बहिणीची पडताळणी सध्या सुरू आहे. रात्रपाळी नसते त्या दिवशी चाळीस प्रश्न, असते त्या दिवशी वीस. फीचे पैसे तिने वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केलीय, आणि परवानगी येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं घरात ठरलंय. तुमच्या ओळखीत कोणी नर्सिंग करत असेल तर हा भाग त्यांना पाठवा, विशेषतः नावाचा मुद्दा. भेटू पुढच्या आठवड्यात!