गार लॅपटॉप तापतो कसा?

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला २०१३ साली घेतलेला लॅपटॉप गेल्या जूनपासून एक विचित्र खोड करू लागला. बटण दाबले की पंखा फिरे, पडदा उजळे आणि विंडोज सुरू होण्याआधीच सारे एकदम बंद. ना सूचना, ना आवाज. दुरुस्ती करणाऱ्याने ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले आणि यंत्र निर्लेखनाच्या यादीत गेले. प्रोजेक्टरला जोडायला दुसरे काही नव्हते, म्हणून टाकण्याआधी आपणच तपासावे असे ठरवले. नववीच्या मुलांना बरोबर घेतले.

पहिले साधन म्हणजे स्टॉपवॉच. बटण दाबल्यापासून बंद पडेपर्यंत ४० सेकंद लागले. लगेच पुन्हा सुरू केले तर जेमतेम १०. पंधरा मिनिटे थांबून पाहिले तर पुन्हा ४०! म्हणजे आत काहीतरी साठत होते आणि थांबल्यावर हळूहळू ओसरत होते. उष्णता अशीच वागते.

तरीही बॅटरीला निर्दोष ठरवण्याची घाई केली नाही. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. ११.१ व्होल्टच्या बॅटरीचा रोध अर्धा ओहम झाला आणि यंत्राने ४ अँपिअर प्रवाह ओढला, तर २ व्होल्ट आतच खर्च होतात. सुरू होताना प्रवाह जास्त लागतो, त्यामुळे नेमके तेव्हाच यंत्र बंद पडू शकते. आम्ही बॅटरी काढून फक्त अडॅप्टरवर लॅपटॉप चालवला. तरीही ४० सेकंदच. मग विंडोज सुरू होऊ न देता बायॉसच्या पडद्यावरच थांबलो. तिथेही तेच, फक्त थोडे उशिरा. बॅटरी सुटली, विंडोजही सुटले.

इथे एका मुलीने बरोबर अडवले. “सर, पण लॅपटॉप तर गार लागतोय!” खरेच, खालची बाजू गार होती आणि जाळीतून येणारा वाराही गार. आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. पण उत्तर त्या गार वाऱ्यातच होते. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्याजवळच्या पातळ पत्र्यांपर्यंत जाते आणि तिथून वारा ती बाहेर नेतो. नुसती धूळ अडकली असती तर पत्रे तापले असते. वारा वाहतो आहे पण गार आहे, याचा अर्थ उष्णता पत्र्यांपर्यंत पोचतच नाही!

भाकरी तव्यावरून जिथे उचलली जाते तिथे ती कच्ची राहते, कारण मध्ये हवा असते. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यातही डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी असतात. त्या भरण्यासाठी एक लेप लावतात. तो ढोबळमानाने हवेच्या शंभरपट उष्णता वाहतो. वर्षानुवर्षे तापून तो सुकतो आणि तडकतो. मग उष्णता प्रोसेसरमध्येच कोंडते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रोसेसर आधी वेग कमी करतो; त्याहूनही वाढले तर जळू नये म्हणून वीज तत्काळ तोडली जाते. सूचना दाखवायला वेळच नसतो.

अडॅप्टर आणि बॅटरी काढून यंत्र उघडले. (बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका आणि ती परत वापरूही नका.) लेपाची अक्षरशः खपली झाली होती. ती स्पिरिटने पुसली आणि मुगाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. जास्त लावायचा मोह आवरावा, कारण तांबे या लेपाच्याही सुमारे शंभरपट चांगले वाहक आहे. लेप फक्त फटींपुरता हवा. पंख्याची धूळ कुंचल्याने काढली, पाती बोटाने धरूनच.

बटण दाबले. ४० सेकंद गेले, विंडोज सुरू झाले. दोन मिनिटांनी त्याच मुलीने जाळीसमोर हात धरला आणि चटकन मागे घेतला. आता वारा चांगलाच गरम होता.