पिच २, सरकलं मात्र ८!

गेल्या महिन्यात घरी बनवलेल्या सीएनसीला सांगितलं, १० मिलिमीटर सरक. पठ्ठ्या ४० सरकला आणि थेट क्लॅम्पवर आदळला! बिटचे दोन तुकडे, मावशीच्या दारावरची पाटी वाया. दोन रात्री मी कोडमध्ये बग शोधत बसलो. घोळ होता स्क्रूच्या हिशेबात.

म्हणजे बघा, पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. लीड म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात नट किती पुढे जातो ते. आटा एकच असेल तर दोन्ही सारखेच. पण आपण ऑनलाइन मागवतो तो टी-८ लीडस्क्रू बहुतेक वेळा चार आट्यांचा असतो: पिच २, लीड ८. जॅमच्या बरणीचं झाकण थोडंसं फिरवलं की उघडतं ना, तीच युक्ती. स्क्रूच्या टोकाकडे नीट बघितलं तर चार आटे वेगवेगळे सुरू होताना दिसतात. मी कुठे बघितलं!

नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेते, १/१६ मायक्रोस्टेपिंगवर ३२००. लीड ८ असेल तर मिलिमीटरला ४०० स्टेप, २ असेल तर १६००. मी पिच धरून १६०० टाकले. चौपट सरकणारच की!

मग लीड २ चा स्क्रू लावला की काम चौपट अचूक? इथेच फसायला होतं. कागदावर एक मायक्रोस्टेप ०.०००६ मिलिमीटरची. पण दशांशानंतर सहा आकडे छापले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे आम्हा कोडवाल्यांना तरी कळायला हवं. नटमध्ये ०.२ मिलिमीटर ढिलाई असेल, तर दिशा उलटताना मोटर आधी ती भरून काढते. तोवर टेबल ढिम्म. गोल कापायला जावं तर चार ठिकाणी चपटा. त्यावर बारीक लीडचा उपयोग नाही. स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नटच हवा.

शिवाय वेग जातो. मिनिटाला ६०० फेरे धरले तर लीड ८ वर ४८०० मिलिमीटर, लीड २ वर फक्त १२००. झेड अक्षाला मात्र मी २ चाच लावला, कारण ८ वर वीज गेली की स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली घसरायचा.

परवा पाटी पुन्हा कापली. माप बरोबर आलं, पण मावशीच्या नावावरचा अनुस्वार चपटाच. नवा नट उद्या येतोय.