बॅकअप आहे, पण परत येतो का?

बँकेत, तहसील कचेरीत, अगदी गल्लीतल्या फोटो स्टुडिओतही एक वाक्य हमखास कानी पडतं : 'काळजी नको, बॅकअप आहे.' बॅकअप म्हणजे मूळ माहितीची वेगळी जपून ठेवलेली प्रत. पण ती परत संगणकात उतरवून कुणी पाहिली आहे का, असं विचारलं की समोरचा गप्प होतो.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री 'गिटलॅब' या कंपनीवर हीच वेळ आली. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. तिच्या डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची सतत नक्कल करणारा. नक्कल मागे पडली, म्हणून ती पुसून नव्याने सुरू करायचं ठरलं. उशिरापर्यंत काम करत बसलेल्या इंजिनिअरने पुसण्याची आज्ञा दिली ती नेमकी मुख्य सर्व्हरवर! एक-दोन सेकंदांत त्याने हात आवरला. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध. रोजची प्रत जिथे जमा व्हायची ती जागा रिकामी. डेटाबेस नव्या आवृत्तीचा, प्रत काढणारं साधन जुन्या. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसा इशारा देणारे ई-मेलही सुटत होते, पण वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते योगायोगाने. चाचणीसाठी म्हणून सहा तास आधी एक प्रत हाताने काढलेली होती. संथ डिस्कवरून ती उतरवायला सुमारे १८ तास लागले. प्रोग्रॅम वेगळे ठेवलेले असल्याने बचावले. मधल्या तासांतल्या हजारो नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

नक्कल करणारा सर्व्हर म्हणजे आरसा. मूळ ठिकाणी पुसलं की आरशातही पुसलं जातं. बॅकअप हवा तो कालचा, आणि मूळ यंत्रापासून तोडून ठेवलेला.

कवी माणूस यात कशाला पडतो, असं वाटेल. पण आमच्यातल्या कित्येकांचे संग्रह आता वहीत नसतात, एका पेनड्राइव्हमध्ये असतात. तो दुसऱ्याच्या संगणकाला लावून पाहावा. नुसतं फाईलचं नाव दिसून भागत नाही, मधलं एखादं पान वाचावं. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली कविता, तो फाँट नसलेल्या संगणकावर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसते. तेव्हा फाँटही सोबत ठेवावा.